रात्री दहाचं ऊन

"लेकरं हितंच ऱ्हातील," अक्का म्हणाल्या आणि सुपातले शेंगदाणे त्यांनी असे पाखडले, की त्या बोलण्याला पुढं उत्तरच उरू नये.

त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातलं पीठ वाळत चाललं होतं. उत्तर तिच्याकडं होतं, पण सासूबाईंपुढं ते कुठल्या टोकाकडून उलगडावं ते कळत नव्हतं.

बातमी आदल्या दिवशी आली होती. त्रिशलाचा नवरा सुकुमार कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचं खातं, बघायचा. कारखान्यानं स्वीडनहून वाळूचे साचे पाडायचं नवं मशीन घ्यायचं ठरवलं होतं आणि ते शिकायला सुकुमारनं जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत तिकडं जाऊन राहायचं होतं. तिकडच्या कंपनीनं कळवलं, बायको-मुलांनाही आणा, उन्हाळ्यात आमच्या कामगारांची घरं मोकळीच असतात. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा एवढीच मुक्कामाची खेप होणार, हेही त्यातच होतं. आपला पावसाळा तो त्यांचा उन्हाळा, एवढं ऐकूनच त्रिशलाला ते गाव आवडून गेलं होतं. पद्मजा यंदा पहिलीत जाणार, श्रेणिक तीन वर्षांचा. बाप तीन महिने दिसला नाही तर श्रेणिक त्याला ओळखणारसुद्धा नाही, असं तिला मनापासून वाटत होतं.

"अगं जाऊ दे की अक्का," शेजारच्या झुंबरबाई मधल्या बुटक्या भिंतीवर कोपरं टेकून म्हणाल्या. राजारामपुरीच्या त्या गल्लीत कुणाच्याही घरातलं बोलणं झुंबरबाईंशिवाय पुरं होत नसे. "एकटा बापय गडी तितं काय खाईल? बर्फ?"

"तिला जाऊ दे की. मी कुठं आडवतो? लेकरं कशाला? ती लोकं रातच्याला जेवत्यात. सवय मोडली की मोडली. पुन्यांदा लावायला मी काय जलमभर हाय व्हय?"

आता हे खरंच होतं. या घरात सूर्य मावळल्यावर बायका-मुलांच्या तोंडात पाण्याशिवाय काही जात नसे. अक्कांनी हा जैनांचा नेम लग्न होऊन आल्या दिवसापासून पाळला होता, आणि पाळला होता म्हणजे त्याचा कधी गाजावाजा केला नव्हता. सूर्य उद्यमनगराच्या धुराड्यामागं उतरायला लागला की त्या नुसतं "ताटं घ्या गं" म्हणायच्या. पद्मजाला तर बोलता येण्याआधी हे कळत होतं. एकदा शेजारच्या लग्नात दिवे लागल्यावर कुणीतरी तिच्या हातात जिलबी ठेवली, तर तिनं ती सकाळपर्यंत मुठीत धरून ठेवली होती. झुंबरबाई अजून ते हात चिकट झाल्याचं सांगतात.

गुळाच्या अडतीवर निघालेले तात्यासो, म्हणजे त्रिशलाचे सासरे, टोपी घालता घालता म्हणाले, "तुमचं तुमी बगा," आणि सटकले.

त्रिशलानं पिठाचे हात पदराला पुसले. एरवी ती असं कधी करत नसे.

"अक्का, सूर्य असेल तोवरच मुलं जेवतील. माझा शब्द."

सूप थांबलं. "शब्द देतीस?"

"देते."

"आन् मोडला तर?"

"तर पुढच्या खेपेला मुलं तुमच्यापाशी. मी ब्र काढणार नाही."

"मी ऐकलंय हां," झुंबरबाई भिंतीवरून म्हणाल्या. "साक्षीला मी हाय."

सूर्याचं नाव घेऊन एवढी बोलाचाली झाली, पण तिकडचा सूर्य आपल्यासारखा वागत नसेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. सूर्य तो सूर्य. तो काय गाव बघून मावळतो?

*

घर पिवळ्या रंगाचं, लाकडी, पुढं तीन पायऱ्या. समोर पांढऱ्या सालीची उंच झाडं, त्यांच्या पलीकडं पाणी. नदी की समुद्र ते त्रिशलाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. स्वीडनच्या पार वरच्या टोकाला होतं ते गाव. मुंबई, विमान, दुसरं विमान, मग रात्रभर आगगाडी, आणि त्या रात्रभर खिडकीबाहेर उजेडच. तेव्हा तिला वाटलं, प्रवासानं आपलंच काहीतरी बिघडलंय.

पहिल्या संध्याकाळी तिनं विजेच्या शेगडीवर भाकरी जमवून बघितली. पहिल्या दोन फुटल्या, तिसरी फुगली. बरोबर आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडला, आणि मग ती थांबून राहिली. कशासाठी थांबलोय हे तिच्याही लक्षात आलं नाही. घरी तिनं जेवणाची वेळ कधी घड्याळात बघितलीच नव्हती. झुंबरबाईंच्या गच्चीवरचं ऊन भिंतीवरून सरकत कठड्याला टेकलं की भाजीला फोडणी, कठडा सोडला की भाकऱ्या. इथं समोरच्या झाडांवरचं ऊन हलायलाच तयार नव्हतं.

"अहो, किती वाजले?"

"साडेआठ झाले की," सुकुमार म्हणाला आणि दोघंही खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बाहेर चार वाजल्याचं ऊन होतं. श्रेणिक गवतात पालथा पडून मुंगी बघत होता.

त्या रात्री मुलं नऊच्या पुढं जेवली. उन्हातच. सुकुमारला फार गंमत वाटली. "अक्काचा नेम इथं मोडायचा म्हटला तरी मोडत नाही बघ," तो म्हणाला. "मध्यरात्री श्रीखंड खाल्लं तरी पुण्यच."

मग दिवस असे सुखात सैलावले की काही विचारू नये. लग्न झाल्यापासून त्रिशलाची संध्याकाळ म्हणजे धावाधाव होती.  पीठ, चूल, ताटं, मुलांचे हातपाय, सगळं सूर्य त्या धुराड्यामागं जायच्या आत बसवायचं. सूर्य मावळताना कसा दिसतो हे तिनं सासरी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या वेळी तिचं तोंड तव्याकडं असायचं. आणि इथं संध्याकाळ नुसती पसरलेली. सुकुमार कामावरून लवकर यायचा. चौघं पाण्याकाठी जायची. पद्मजा दगड गोळा करायची, श्रेणिक ते पाण्यात टाकायचा, मग दोघांचं भांडण व्हायचं. घरी येऊन सावकाश स्वयंपाक. नऊला जेवण, कधी दहाला. कुणी घाई करत नव्हतं, सूर्यही नाही.

आठवडा-दोन आठवडे हे चाललं आणि मग मुलं कोमेजायला लागली.

आधी तिला कळेना. श्रेणिक सकाळी उशिरापर्यंत लोळायचा, उठला की किरकिर, दुपारी भाताच्या ताटात डोकं ठेवून झोपायचा आणि रात्री अकराला डोळे टक्क. पद्मजाच्या डोळ्यांखाली काळं आलं. एक दिवस ती उभ्या उभ्या पेंगली आणि पायरीवरून खाली आली. गुडघा फुटला. त्रिशला तो धूत होती तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पोरीच्या पोटऱ्या बारीक झाल्यात. नेम अक्षरन् अक्षर पाळला होता, आणि मुलं अशी दिसत होती. ही अशी मुलं कोल्हापूरच्या ठेसनावर उतरली की अक्का काय म्हणतील ते तिला त्यांच्या आवाजासकट ऐकू आलं.

आणि ते खोटंही ठरणार नव्हतं. हेच तिला जास्त लागलं.

शेजारच्या घरात एडला नावाची एक म्हातारी बाई एकटी राहायची. उंच, हाडकुळी, पुरुषासारखे बूट. मराठी नाही, इंग्रजी नाही, नुसती मान हलवायची. मुलं तिला एडलाअज्जी म्हणायला लागली होती. गुडघा फुटला त्या दिवशी ती कुंपणातून थेट आत आली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं, मुलांकडं बोट केलं, दोन्ही हात गालाखाली धरून डोळे मिटले आणि मग डोळे उघडून त्रिशलाकडं असं बघितलं, की भाषेची काही गरजच पडली नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा आली. हातात घोंगड्याएवढा जाड निळा पडदा, दातांत खिळे. मुलांच्या खोलीच्या खिडकीला तो ठोकूनच बाहेर पडली. त्रिशलाला राग आला. परक्या बाईनं आपल्याला आईपण शिकवावं? पण पडदा ओढून बघितला तर खोलीत चांगला घट्ट, कोल्हापुरी अंधार झाला, आणि त्या अंधारात उभं राहून तिला इतकं बरं वाटलं की राग कुठं गेला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, आजपासून वेळेवर. सहालाच पडदा ओढला, आतला दिवा लावला, मुलांच्या खोलीतच ताटं मांडली. जेवली की तिथंच आडवी होतील. श्रेणिक येऊन बसला. पद्मजा दारात उभी राहिली.

"ये, बस."

"मी नाही जेवणार."

"का गं?"

"अंधार पडला. दिवा लावलास तू. आता जेवायचं नसतं."

"अगं, बाहेर ऊन आहे. हा नुसता पडदा आहे." त्रिशलानं पडदा बाजूला केला. उन्हाचा पट्टा ताटात पडला. "हे बघ."

"ते तू उघडलंस म्हणून," पद्मजा म्हणाली. "अज्जी म्हणते, दिवे लागले की तोंड बंद."

सुकुमार हसत सुटला. "घे! अक्काला कोल्हापुरात ठेवून आलो म्हणत होतीस."

त्रिशलाला मात्र हसावं की रडावं कळेना. पोरगी भुकेनं कळवळलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. आणि ती चूक आहे असं तरी कसं म्हणायचं? सहा वर्षांच्या मुलीनं रात्र कशावरून ओळखायची? आईनं पडदा ओढला, दिवा लावला, की रात्र. आईच रात्री जेवायला बोलावतेय म्हटल्यावर ती दारात उभी राहणारच.

तिनं दोन्ही ताटं उचलली आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. लख्ख ऊन. पांढऱ्या सालीची झाडं डोळ्यांत भरत होती.

"आता?"

पद्मजानं आधी आकाशाकडं बघितलं, मग आईकडं. "आता दिवस आहे," ती म्हणाली आणि बसून अशी जेवली की त्रिशलाला आणखी एक भाकरी करावी लागली.

जेवण झालं, हातपाय धुतले, आत गेली. पडदा. "आता रात्र झाली," त्रिशला म्हणाली. "झाली," पद्मजा म्हणाली आणि कुशीवर वळली. श्रेणिक तर आधीच झोपला होता.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सहाला पायरीवर ताटं. सूर्य डोक्यावरून जरा कुठं कलला असेल नसेल, पण त्रिशला आपली पदर खोचून, "ताटं घ्या गं" म्हणायची. मग आत जाऊन ती सूर्य मावळवायची. पडद्याच्या कड्या सर्रकन वाजल्या की त्या घरापुरता दिवस संपला. एडलाअज्जी कधी कधी आपली कॉफी घेऊन पायरीच्या टोकाला येऊन बसे आणि भाकरीला लोणी फासून खाई. मुलांचे गाल परत भरायला लागले. श्रेणिक पहाटे उठून बापाच्या पोटावर बसायला लागला.

आणि मुलं झोपल्यावर?

मुलं झोपल्यावर एक सबंध दुसरा दिवस उरायचा. त्याचं काय करायचं ते आधी दोघांनाही सुचेना. कोल्हापुरात सात वर्षांत नवरा-बायको म्हणून त्यांच्या वाट्याला आलेलं बोलणं म्हणजे, "गॅस संपत आलाय," "उद्या डबा नको," आणि असलंच काही. एका रात्री दहाच्या सुमाराला सुकुमार म्हणाला, "चहा करतेस?" ती सवयीनं नाही म्हणणार होती. मग तिनं बाहेर बघितलं. झाडांच्या शेंड्यांवर सोनं पसरलं होतं. तिनं चहा केला. दोघं पायरीवर बसली, मधे बिस्किटांची बशी ठेवून. तो फौंड्रीतल्या वाळूबद्दल बोलत राहिला, ती वाळू अशी बारीक, तशी ओली. तिला त्यातलं फारसं कळलं नाही आणि तरी ते संपू नये असं वाटलं. मग तिनं त्याला सांगितलं की लग्नाआधी निपाणीत असताना ती शाळेच्या नाटकात राजा झाली होती. त्याला हे माहीतच नव्हतं.

"मिशी लावली होतीस?"

"लावली होती. निघाली नाही दोन दिवस."

तो इतका हसला की चहा सांडला. सूर्य झाडांच्या आत शिरला, लालभडक झाला, आणि त्रिशलानं लग्नानंतर पहिल्यांदा तो मावळताना शेवटपर्यंत पाहिला. शेवटचा घोट त्याच्या आधी घेतला होता, हे तिनं नीट बघितलं होतं.

ऑगस्ट सरता सरता सूर्य घरच्यासारखा वागायला लागला. पडद्याची गरज उरली नाही, पायरीवर गार वारा यायला लागला. एडलाअज्जीनं पडद्याचे खिळे उपटून आपल्या खिशात टाकले, दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागं न बघता निघून गेली.

*

परत आल्यावर पहिल्या दिवशी दुपारपासून अख्खी गल्ली अंगणात. अक्कांनी मुलांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, श्रेणिकला मांडीवर घेतलं आणि सोडलाच नाही. त्रिशला चहाचे कप आत-बाहेर नेत होती. जीव भांड्यात पडला होता. मुलं टुणटुणीत होती, शब्द पाळला होता, पुढचा उन्हाळा आता आपला.

"काय काय बगितलंस गं परदेशात?" झुंबरबाईंनी पद्मजाला पुढ्यात ओढली.

"ऊन," पद्मजा म्हणाली.

"अगं, त्ये हितं काय कमी हाय? आनिक?"

पद्मजा विचार करायला लागली. सगळे आपल्याकडं बघताहेत म्हटल्यावर तिला काहीतरी मोठं सांगायचं होतं. "आई रोज अंधार करून आम्हाला झोपवायची," ती म्हणाली. "मग आई आणि पप्पा बाहेर बसून चहा प्यायचे. आणि बिस्किटं खायचे. मी पडद्याच्या फटीतनं बघितलं."

"किती वाजता गं?"

"दहा वाजता. मला आता घड्याळ येतं."

 झुंबरबाईंनी मांडीवर थाप मारली. "रातीच्या धा वाजता! अक्का, आयकलासा का? लेकरांस्नी उपाशी निजवून च्या-बिस्किट!"

"उपाशी नाही हो!" त्रिशलानं कप खाली ठेवला. "मुलं आधीच जेवलेली असायची. आणि दहाला तिथं ऊन असतं. खरंच ऊन असतं, झुंबरबाई."

"रातीच्या धा वाजता ऊन? आन् दुपारच्या बाराला काय, चांदनं?"

सगळ्या बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, गल्ली तशीच हसायची. पण अक्का हसल्या नाहीत. त्यांनी श्रेणिकला मांडीवरून उतरवलं, धुराड्याकडं बघितलं, "ताटं घ्या गं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

 जेवणं झाल्यावर सुकुमार एक मोसंबं आणि बॅटरी घेऊन आईपुढं बसला. "हे बघ अक्का. ही पृथ्वी. ती अशी कललेली असते. हा सूर्य. आता वरचं टोक बघ..."

"मोसंबं ठिव खाली," अक्का म्हणाल्या. "उद्याच्याला लागंल."

त्यानं मोसंबं ठेवलं. त्रिशलानं भांडी घासायला घेतली. आईच रात्री खाते म्हटल्यावर मुलांबद्दलच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तिला पुढचं वर्ष दिसत होतं. आपण विमानात, आणि दोन्ही मुलं भिंतीपाशी उभी राहून हात हलवताहेत. ब्र काढणार नाही, असं आपणच म्हटलं होतं, तेही साक्षीला माणूस ठेवून.

सकाळी अक्का न्हाणीत श्रेणिकला अंघोळ घालत होत्या. त्रिशला टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिली. अक्कांनी नातवाच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, दंड दाबून बघितले, मान मागं करून गळ्याखाली साबण लावला. गूळ पारखताना तात्यासो जसं बघत तसं.

"पडदा कसला?" त्यांनी एकदम विचारलं.

"अं? निळा. जाड. शेजारच्या बाईंनी ठोकून दिला."

"त्यो लावला की रात वाटायची?"

"मुलांना वाटायची."

"आन् जेवायची कवा?"

"पडद्याच्या आधी. बाहेर पायरीवर, उन्हात. पद्मजा आत जेवायलाच तयार नव्हती. म्हणाली, दिवे लागले की तोंड बंद, अज्जीनं सांगितलंय."

अक्कांचा हात थांबला. "अशी म्हनली?"

"रडत होती भुकेनं, तरी म्हणाली."

अक्कांनी श्रेणिकच्या डोक्यावर तांब्या ओतला. तो ओरडला. "गप रं," त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "आन् ऊन तर सरतच न्हवतं म्हंतीस. मग येळ कशी धरलीस? घड्याळावर?"

"नुसत्या घड्याळावर नाही," त्रिशला म्हणाली. "तुमच्यावर. इथं तुम्ही 'ताटं घ्या' म्हणता, ती वेळ धरली."

 अक्कांनी नातवाला पुसायला टॉवेल मागितला. पुसला, पावडर लावली, कपडे घातले आणि सोडून दिला. तो पळाला. त्या तिथंच पाटावर बसून राहिल्या.

"च्या रोजच घ्यायचासा?"

त्रिशलानं ओला टॉवेल उचलला. "बहुतेक रोज."

"दोगंबी?"

"हो."

"काय बोलायचासा?"

हा प्रश्न तिला अपेक्षितच नव्हता. "काही नाही... फौंड्रीचं. निपाणीचं. तुमचं. असंच."

अक्का हातावरचं पाणी निथळत राहिल्या. मग त्रिशलाकडं न बघता बोलल्या. "ह्यांनी आन् मी सांजचा च्या कदी संगट घेतला न्हाई. लगीन झाल्यापास्नं. अडत बंद करून ही येत्यात दिवं लागल्यावर. तवर माझं तोंड मिटल्यालं. मी वाडतो, ही जेवत्यात. मी आपली जपमाळ घेऊन बसतो. येका घरात ऱ्हाऊन..." त्या थांबल्या. "वाईट काय न्हाई त्यात. माझा नेम हाय, त्येंचा धंदा हाय. पर तुमी दोगं बसला हुतासा म्हनं पायरीवर."

 या बाईला आपण इतकी वर्षं नुसतं "ताटं घ्या" म्हणताना ऐकलंय, असं तिला वाटून गेलं.

अक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "लेकरं जाऊ देत पुढल्या साली," त्या म्हणाल्या. "त्या झुंबरीला मी सांगतो काय सांगायचं त्ये." दोन पावलं जाऊन त्या पुन्हा वळल्या. आवाज एकदम खाली आला होता.

"तितं म्हाताऱ्या मानसांस्नी घेत्यात व्हय?"

घेतात की नाही हे त्रिशलाला कुठं ठाऊक होतं? ते कंपनीला विचारावं लागेल, सुकुमारला विचारावं लागेल, पासपोर्ट, डॉक्टर, हजार भानगडी.

"घेतात की, अक्का," ती म्हणाली.

"बरं. ह्यांस्नी तू सांगू नगं. मी सांगतो."

संध्याकाळी दिवे लागल्यावर तात्यासो आले. पाय धुतले, टोपी खुंटीला अडकवली, पाटावर बसले. अक्कांनी ताट वाढलं. त्रिशला आत मुलांची अंथरुणं घालत होती. आता जपमाळेची पिशवी काढल्याचा आवाज येईल म्हणून तिचा कान सवयीनं तिकडं होता. तो आला नाही. त्याऐवजी तात्यासोंच्या शेजारी दुसरा पाट सरकवल्याचा आवाज आला.

"का गं?" तात्यासो दचकले. "बरं न्हाई काय?"

"बरी हाय मी. जेवा तुमी. आयका, सुकुमारच्या त्या गावात म्हनं रातीच्या धा वाजताबी ऊन असतंय."

"असं?" तात्यासोंनी घास चावून संपवला. त्यांनी शंका घेतली नाही, ते हसलेही नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "मग तितली लोकं अडत बंद कवा करत्यात?"

"करतच नसतील," अक्का म्हणाल्या. "म्हंजे तुमी तितंबी घरला येनार न्हाईसा."

मग दोघांचं हसू ऐकू आलं. आधी तात्यासोंचं, ठसका लागल्यासारखं, आणि त्याच्या मागून अक्कांचं. पद्मजा अंथरुणात उठून बसली. "आई, अज्जी का हसते?"

"झोप तू," त्रिशला म्हणाली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार हळूच, आवाज न करता, ओढून घेतलं.